निपाणीत राहतो, पहिल्यांदाच हँडगन घेणार. रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरच घ्या, .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). 9 एमएम आपल्याला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे.

कारण सांगतो. रिव्हॉल्व्हर उघडलं की सिलिंडरची सहाही घरं डोळ्यांसमोर असतात. भरलंय की रिकामं, एका नजरेत कळतं. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, बसलेली असू शकते. नवखा माणूस नेमका इथंच चुकतो आणि घरातल्याच कुणाला तरी लागतं. माझ्या मते पिस्तूल नंतरची गोष्ट.

दुकानात वजन हातात घेऊन बघा. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं, पण हलकं हत्यार जास्त झटका देतं, हे ध्यानात ठेवा. ट्रिगरवर बोट नीट पोचतंय ना, तेही तपासा.

पण आधी लायसन्स! त्याशिवाय काडतूससुद्धा घरात नको. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरी कुलूपबंद ठेवायची सोय, दोन्ही लागतात. आणि आपल्या सीमाभागातली खास गोष्ट: लायसन्स कर्नाटकापुरतंच असेल तर कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला हत्यार नेणं गुन्हा होतो. पाहुणे-रावळे सगळे पलीकडे, म्हणून सवयीनं कमरेला लावून निघाल, तसं करू नका. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते, तेव्हा जमा करून पावती जपून ठेवा.

शेतात रानडुकरं येतात म्हणून घेत असाल तर मात्र हँडगनचा काही उपयोग नाही.