कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

भावा, कार्ब्युरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवायची घाई नको. आधी प्लग, पॉइंट गॅप (ठिणगीचं सर्किट तोडणाऱ्या पॉइंट्समधली फट), टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघ. निम्मा दोष तिथंच निघतो. मग मॅनिफोल्ड गॅस्केट (कार्ब्युरेटरकडून इंजिनला जाणाऱ्या नळीच्या जोडावरचं पॅकिंग) बघ. तिथून हवा ओढत असेल तर ट्यूनिंग कधीच टिकणार नाही.

आयडल मिक्श्चर (गाडी उभी असताना इंजिनला मिळणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण) असं लाव:
- इंजिन गरम करून बंद कर. मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घे (आवळलास तर सुईचं टोक गेलं!), दीड फेरा बाहेर काढ.
- चालू करून पाव-पाव फेऱ्यानं सर्वांत जास्त आरपीएम शोध, मग आयडल स्क्रूनं ८५०च्या आसपास आण.

मोकळा फिल्टर, फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर लावलास की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा) एकच साइज वाढव. जेटला ड्रिल मारू नकोस. चोर्ला घाटाचा चढ चढून प्लग बघ: पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त.