वापरलेलं आम्ल: माल की घातक कचरा?

प्रश्न: रंगद्रव्याच्या कारखान्यातून निघालेलं वापरलेलं सल्फ्युरिक आम्ल आम्ही दोन वर्षं विकत घेतो आणि भंगार लोखंडाबरोबर त्याचं हिराकस (फेरस सल्फेट) बनवतो. बिलावर 'उपउत्पादन' असं लिहिलेलं असतं, जीएसटीही भरलेला आहे. तरी विनापरवाना घातक कचरा वापरल्याची कारणे दाखवा नोटीस आली. उत्तराच्या पंधरापैकी अकरा दिवस गेले. काय करावं?

उत्तर: अशी प्रत्येक फाइल जीएसटीच्या बिलांनीच जाड झालेली असते. ती बाजूला ठेवा. कर भरला, एवढंच त्यांतून कळतं. २०१६च्या घातक कचरा नियमांत उपउत्पादन म्हणजे हेतू नसताना तयार झालेला आणि 'आहे तसाच' वापरला जाणारा पदार्थ. तुम्हीच पत्रात लिहिता की आम्ल निवळू देतो, वरचा तेलकट थर काढतो, कोळशातून गाळतो. मग 'आहे तसाच' राहिला कुठे?

म्हणजे तो कचराच ठरतो आणि नियम ९ लागतो: राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आधी, वापर नंतर. अधिकारपत्र केंद्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीनुसार मिळतं, आणि ही कार्यपद्धती विशिष्ट कचरा व विशिष्ट उपयोग यांच्या जोडीपुरती असते. 'सल्फ्युरिक आम्लाची कार्यपद्धती आहे ना' एवढ्यावर भागत नाही. कोणत्या प्रक्रियेतलं आम्ल, ते पाहा. जोडी जुळली नाही तर केंद्रीय मंडळाकडे चाचणीसाठी जावं लागेल.

टँकर आजच थांबवा. अधिकारपत्राच्या अर्जाचा नमुना १ भरा आणि त्याची पोच उत्तराला जोडा. निर्णयाला १२० दिवस आहेत, पण ते परिपूर्ण अर्जापासून. एक त्रुटी निघाली की मोजणी पुन्हा सुरू, आणि त्रुटी निघतेच. उत्तरात 'हा कच्चा माल आहे' असं ठासून लिहू नका, तुमचंच लॉगबुक ते खोडून काढेल. टँकरवार परिमाण द्या. निवळीचा गाळ आणि वापरलेला कोळसा कुठे गेला, तेही सांगा. तपासणीत पहिला प्रश्न बहुधा तोच येतो. मागच्या तारखांचे मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचे कागद) मात्र आता बनवू नका. त्रुटीचं प्रकरण बनावट कागदांचं होईल.

पुरवठादाराला मंडळाने कारखाना चालवण्यासाठी दिलेल्या संमतीपत्राची प्रत मागवा. त्यात आम्ल उत्पादन म्हणून नोंदलेलं असेल तर थोडा आधार मिळेल, पण त्यावर सगळा डोलारा उभारू नका. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५खाली आता दंड १० हजार ते १५ लाख आहे. त्याशिवाय पर्यावरण भरपाई किती लागेल ते मंडळ कोणता काळ धरतं त्यावर.

बंदचा आदेश आलाच, तर हरित न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत. सबळ कारण दाखवलं तर फार तर आणखी ६०. ते पाकीट तरी त्याच दिवशी फोडा.