रविवारी दुखणारं पोट

"दर रविवारी सकाळी मुलाचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात काही नाही. मग हा नाटक करतो का?" असं विचारणारे पालक वर्षभर माझ्याकडे समुपदेशनाला येत असतात. बहुतेकांचा वार सोमवार असतो, कारण शाळा. या जोडप्याचा वार मात्र रविवार होता.

कुटुंब वास्कोतलं, मराठी ख्रिस्ती. वडील त्यांच्या मंडळीत (प्रोटेस्टंट चर्चमध्ये) युवासेवक, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींची जबाबदारी त्यांच्याकडे. बुधवारी संध्याकाळी युवक सभा, शनिवारी गायनाची तालीम, रविवारी सकाळी संडे स्कूल आणि उपासना, त्यानंतर घरभेटी. आई मडगावला स्टाफ नर्स, तिची ड्युटी फिरती. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार.

गोव्यात चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाद्री येतात आणि पाद्रींना संसार नसतो. त्यामुळे 'पाळकांचा मुलगा' ही काय चीज आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेतल्या टीचरना नीट उमगत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, बायकोमुलं असतात आणि ती सगळी मंडळीच्या नजरेखाली वाढतात. वचन पाठ म्हणायला आधी त्यालाच उभं करतात, आणि तो बाकावर पाय वर घेऊन बसला तरी कोणीतरी "पप्पांना सांगू का?" म्हणतं. कीर्तनकाराच्या, हेडमास्तरच्या, गावच्या सरपंचाच्या पोरांनाही याची थोडीफार झळ लागते.

आधी पोटाचं. मनामुळे दुखणारं पोटही खरंच दुखतं, त्यामुळे 'नाटक' हा शब्द घरातून काढूनच टाका. पण सगळं मनावर ढकलण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायच्या. मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठतं का? वजन घटलंय का? ताप, वारंवार उलटी, शौचातून रक्त? दुखणं बेंबीपासून दूर, एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं आहे का? यातलं एक जरी असलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचं, माझ्याकडे नाही. या मुलाचं दुखणं बेंबीभोवती, साडेआठला सुरू होणारं आणि अकरानंतर आपोआप ओसरणारं होतं. तपासण्या झालेल्या होत्या. आईच नर्स असल्याने त्या बाबतीत काही राहिलं नव्हतं.

वडिलांनी कारण स्वतःच आणलं होतं: "मी वेळ देत नाही. दुसऱ्यांच्या मुलांना देतो, घरच्यांना नाही." असे वडील हे वाक्य इतकं सफाईने बोलतात की ते आधी कुठेतरी बोलून झालेलं असावं, असं वाटतं. या वेळी तसंच होतं, आणि ते मला उशिरा लक्षात आलं.

वेळेचं खरं-खोटं कळावं म्हणून त्यांना चौदा दिवसांची नोंद ठेवायला दिली. साधी वही, रोज तीनच रकाने: रात्रीच्या जेवणाला घरी होतो का, रात्री नऊनंतर किती फोन घेतले, त्यातला कोणता सकाळपर्यंत थांबला नसता. जेवणाला घरी पाच दिवस. नऊनंतरचे फोन सव्वीस. न थांबणारा एक. बाकी सगळे शिबिराची फी, गिटारची तार, कोणाचं कोणाशी बिनसलं, असले. वाईट आकडे, पण जगावेगळे नाहीत. जत्रेच्या दिवसांत नाटकाच्या तालमीला रोज जाणाऱ्या बापाची वही याहून बरी निघाली नसती. आणि एवढ्याने पोट नेमकं रविवारीच का दुखेल?

दुसऱ्या भेटीत मुलगा एकटा. सुरुवातीलाच त्याला सांगितलं: तू इथे जे बोलशील त्यातलं आईपप्पांना काय सांगायचं ते तुला विचारून ठरवू, मात्र तुला कोणी दुखापत करत असेल, किंवा तूच स्वतःला करत असशील, तर ते मी लपवणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. मग कागदावर आठवड्याच्या सात चौकटी आखून दिल्या आणि पोट दुखतं तिथे लाल ठिपका द्यायला सांगितलं, थोडं दुखलं तर छोटा, जास्त तर मोठा. 'का दुखतं' हे या वयात विचारून काही मिळत नाही, खांदे उडतात. 'कधी' विचारलं की मूल बोलतं. रविवारी मोठा ठिपका होताच. बुधवारीही एक निघाला, संध्याकाळच्या बाजूला. तो घरात कोणाला माहीत नव्हता.

बुधवारी आईची संध्याकाळची ड्युटी असली की वडील त्याला युवक सभेला बरोबर नेत. म्हणजे शाळा नाही, अभ्यास नाही. दोन्ही दिवशी समान काय, तर मोठी मुलं. त्या मोठ्या मुलांनी त्याला एक टोपणनाव ठेवलं होतं.

ते आलं व्यासपीठावरून. तीन महिन्यांपूर्वी वडिलांनी उपदेशात घरचं उदाहरण दिलं होतं. मुलाचं अंथरूण अधूनमधून ओलं होतं, आपण रात्री न रागावता चादर बदलतो, देवबापही असाच धीर धरतो, असं काहीसं. उदाहरण प्रेमाचं होतं. मंडळी हसली तीही प्रेमाने. तिसऱ्या ओळीत नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. (त्या मुलाची खरी गोष्ट ही नव्हे. तितकीच खाजगी दुसरी गोष्ट मी तिच्या जागी ठेवली आहे आणि कुटुंबाचे इतर तपशीलही बदलले आहेत. नाहीतर ज्या चुकीबद्दल लिहितोय तीच मी केली असती.)

वडिलांनी चारचौघांत मारलं असतं तर मुलाला रागावता आलं असतं. इथे वडील त्याच्यावरच्या मायेबद्दलच बोलत होते आणि सगळे कौतुकाने माना हलवत होते. अशा वेळी राग धरायला जागा उरत नाही, मग तो पोटात जातो. शिवाय 'पप्पांना वेळ नाही' हे वाक्यही दोन उपदेशांत येऊन गेलेलं होतं, म्हणजे घरातली उणीवसुद्धा आधी मंडळीला कळली, मग घराला.

मुलाच्या परवानगीने हे तिसऱ्या भेटीत सांगितलं. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "येत्या रविवारी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

हे करू नका म्हटलं. सगळ्यांसमोर माफी म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं, फक्त या वेळी डोळ्यांत पाणी आणून.

माफी कशी मागायची, यावर एक पूर्ण भेट गेली. एकट्यात, पण समोरासमोर बसवून नाही. गाडीत किंवा भांडी पुसताना बरं पडतं, मुलाला नजर चुकवायची मोकळीक राहते. झोपताना नको, कारण मग मूल ते डोक्यात घेऊन रात्रभर पडतं. चार वाक्यं पुरतात: मी काय केलं ते नेमक्या शब्दांत, त्यामुळे तुला काय सोसावं लागलं, ते चूक होतं, यापुढे मी काय करणार नाही. 'पण' हा शब्द त्यात येता कामा नये. रडू येत असेल तर दुसरा दिवस निवडायचा, नाहीतर मुलाला बापाचं सांत्वन करत बसावं लागतं. आणि धार्मिक घरांत हमखास होणारी चूक, "देव आपल्याला क्षमा करतो, तूही कर", ती तर मुळीच नको. या मुलाला क्षमा न करण्याची मुभा हवी होती. ती दिली की पोट लवकर थांबतं, असं पाहिलंय.

उदाहरणांबद्दलचे नियम त्यांनी मुलासोबत बसून लिहिले आणि फ्रिजवर लावले. शरीर, अंथरूण, भीती, मार्क आणि मैत्रिणी यांबद्दल परवानगी घेऊनसुद्धा बोलायचं नाही. बाकी काही सांगायचं असेल तर निदान दोन दिवस आधी, घरात विचारायचं. रविवारी दारात विचारलं तर मूल हो म्हणणारच. उत्तर 'नको' आलं तर कारण विचारायचं नाही आणि चेहरा पाडायचा नाही. चार वर्षांच्या मुलीला हो-नाही कळत नाही, तेव्हा तिचं काहीच नाही. कौतुकाच्या गोष्टींनाही हाच नियम, कारण व्यासपीठावरून शहाणा ठरलेल्या मुलाला मग सतत शहाणंच राहावं लागतं. उपासना यूट्यूबवर जात होती, त्यातला तो भाग कापून व्हिडिओ पुन्हा चढवायला सांगितला. टोपणनावाचं काम वडिलांनी त्या मोठ्या मुलांशी एकेकट्याने, भाषण न देता केलं: "चूक माझी होती, ते नाव आजपासून बंद." सभेत विषय काढला असता तर ते नाव ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं असतं.

ज्यांच्या घरी खरोखर अंथरुणाचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सातव्या वर्षी साधारण ५ ते १० टक्के मुलांना हे असतं, आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी असेल तर जास्त. बद्धकोष्ठ आहे का ते आधी पाहा, त्याने हे वाढतं. झोपण्याआधी दीड-दोन तास पाणी-दूध कमी, झोपताना लघवी. बरेच महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, किंवा दिवसाही होत असेल, तर डॉक्टर.

आता वेळेचा प्रश्न, जो त्यांनी आधी आणला होता. तोही खोटा नव्हता. रविवारी काम करणाऱ्या माणसाला रविवारची सुट्टी नसते, आणि युवासेवकाला बहुधा कोणत्याच वाराची नसते. त्यांनी सोमवार मागितला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर १५ दिवसांची पितृत्व रजा नियमात आहे. मंडळीच्या सेवकाला कायद्याने तसलं काही नाही, जे मिळेल ते कमिटीशी बोलून. कमिटीतल्या एका ज्येष्ठाने अपेक्षेप्रमाणे "आमच्या वेळी पाळक चोवीस तास असायचे" ऐकवलं. त्यावर वडिलांनी बायबलमधलाच दाखला दिला. निर्गम, अध्याय १८: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसला आहे, आणि सासरा इथ्रो म्हणतो की तू अशाने थकून जाशील, हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेम, मोठी प्रकरणं तेवढी तू पाहा. हा दाखला कमिट्यांत पुष्कळदा फिरतो. पण अध्यायाची सुरुवात कोणी वाचत नाही. इथ्रो येताना मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन्ही मुलगे, गेर्षोम आणि अलियेजर, यांना बरोबर घेऊन येतो, कारण मोशेने त्यांना माहेरी पाठवलेलं असतं. कामाची वाटणी त्यानंतर येते. कमिटीने सोमवार दिला.

रात्री नऊनंतर फोन दोन जणांत आळीपाळीने. उचलणाऱ्याने तीनच गोष्टी पाहायच्या: जिवाला धोका आहे का, लहान मुलाला कोणी इजा करतंय का, कोणाला घराबाहेर काढलंय का. नसेल तर "उद्या दहाला बोलू". मनाची घालमेल आहे पण तातडी नाही, अशांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्यायचा, तो चोवीस तास असतो. मुलाचा प्रश्न असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८. अठरा वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून युवासेवकाने "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसायचं नाही. बऱ्याच जणांची इथे फसगत होते.

पहिला सोमवार फसला. शाळा सुटल्यावर बायणाची चौपाटी, भेळ, आइस्क्रीम, फोटो, असा भरगच्च बेत. मुलगा अर्ध्या तासात म्हणाला, "घरी जाऊया." वर्षभराची भरपाई एका संध्याकाळी करायला निघालेल्या बापाचं मुलांवर दडपण येतं, मजा आलीच पाहिजे असं. मग बेत लहान केला: रोज सकाळी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की दोघांनी खाली उतरून पाव आणायचे. सात मिनिटं लागतात. फोन घरात. बोलायलाच हवं असं नाही. सुरुवातीचे दोन आठवडे मुलगा फक्त उंडे किती आणि पोळ्या किती (दोन्ही पावांचेच प्रकार) एवढंच बोलला. आईच्या रात्रपाळीच्या दिवशी वडील अजून चुकतात, मुलीची वेणी घालायला तर त्यांना अजिबात जमत नाही.

तीन महिन्यांनी ठिपक्यांचा कागद परत काढला. बुधवार कोरा होता, कारण आता तो बुधवारी शेजारच्या आजींकडे थांबतो. रविवारचा ठिपका लहान झाला होता, गेला नव्हता. उपासनेत तो पुढे बसत नाही. मागे लॅपटॉपवर गीतांच्या ओळी बदलायचं काम त्याने स्वतः मागून घेतलं. उन्हाळी शिबिराला या वर्षी जायचं नाही, असं ठरलं.

यूट्यूबवरून कापलेला तुकडा कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर असणारच, हे वडिलांना टोचत होतं. 'सगळं डिलीट झालं' असं मुलाला सांगू का, असं त्यांनी विचारलं. खोटं सांगू नका म्हटलं. पाव आणताना त्यांनी सांगून टाकलं की काही फोनांत तो असेल आणि तो आता आपल्याला काढता येणार नाही.

"मला माहीत आहे," मुलगा म्हणाला. "कोणाकडे आहे तेपण माहीत आहे." मग त्याने पोदेराकडून उरलेले पैसे मोजून घेतले.