आधी विजय मांडा, क्रमांक मागून येतील

प्रश्न : मुलगा-सून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला असतात. दर मार्चमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, नातवाची आणि माझी व्हिडिओ कॉलवर पैज लागते : बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या पूर्व विभागात पाच संघांपैकी कोण कितवा येणार? मी आदल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवतो, एखाददुसरं नाव खालीवर करतो आणि दरवेळी हरतो. अंदाज बांधायची काही रीत आहे का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मी टोरांटोतच राहते आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा इथल्या ब्लू जेज संघाच्या स्टेडियमच्या, रॉजर्स सेंटरच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वस्तातल्या तिकिटावर, मांडीवर वही घेऊन धावफलक लिहीत बसते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

तुम्हाला गोत्यात आणतोय तो आदल्या वर्षीचा तक्ताच. २०२४ साली आमचे ब्लू जेज पाचवे होते, ७४ विजय आणि ८८ पराभव. २०२५ साली तेच ९४ विजय मिळवून पहिले आले. बॉल्टिमोरचे ओरिओल्स २०२४ ला ९१ विजयांसह दुसरे होते. पुढच्या वर्षी मे महिन्यातच त्यांच्या मॅनेजरची (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाची) नोकरी गेली आणि संघ ७५ विजयांवर तळाला राहिला. बोस्टनच्या रेड सॉक्सनी तर २०१२ ला पाचवा क्रमांक, २०१३ ला पहिला क्रमांक आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम लढतीचं विजेतेपद, २०१४ ला परत पाचवा क्रमांक असं करून दाखवलंय. या विभागात शेवटून पहिला आलेला संघ दुबळा असतोच असं नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे, की क्रमांक लिहूच नका. प्रत्येक संघ १६२ पैकी किती सामने जिंकेल तो आकडा लिहा. क्रम आपोआप लागतो, आणि आपण कुणाला उगाच झुकतं माप दिलंय तेही उघडं पडतं.

हा आकडा काढायला आदल्या वर्षीचे विजय घेऊ नका, धावा घ्या. आयपीएलमध्ये आपण नेट रनरेट बघतो ना, तशीच ही नजर. बिल जेम्स या अभ्यासकाने दिलेलं सूत्र सोपं आहे : काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. उत्तराला १६२ ने गुणायचं. नातवाला कॅल्क्युलेटर घेऊन बसवा. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजनी ८४९ धावा काढल्या, ६८५ दिल्या. सूत्राने ९८ विजय येतात. ब्लू जेजच्या ७९८ आणि ७२१, येतात ८९. प्रत्यक्षात दोघंही ९४ वर थांबले. म्हणजे माझ्या लाडक्या संघाला धावांच्या मानाने पाचेक सामने जास्त मिळाले, आणि पुढचा अंदाज बांधताना ते मी मुकाट्याने वजा करते. टँपा बे रेजचं उलटं झालं. ७१४ काढल्या, ६८३ दिल्या, हिशेबाने ८४-८५ विजय हवे होते, मिळाले ७७. त्यांना ७७ चा संघ समजून चौथ्या जागेवर ढकलणारे खूप भेटतील. तुम्ही त्यांची मोजणी ८४ पासून सुरू करा.

मग पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बघा. मार्चमध्ये सगळे आळीपाळीने सामना सुरू करणारे पाच मुख्य पिचर मोजतात. मी सहावा, सातवा आणि आठवा कोण आहे ते बघते, कारण कोपर आणि खांदे सहा महिने टिकत नाहीत आणि ऑगस्टमध्ये चेंडू याच मुलांच्या हातात असतो. मात्र एका मोठ्या नावाच्या दुखापतीने घाबरून जाऊ नका. यांकीजचा मुख्य पिचर गेरिट कोल याच्या कोपरावर २०२५ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, त्याने वर्षभर एकही चेंडू टाकला नाही, तरी यांकीज ९४ सामने जिंकले.

काही गोष्टी कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. आदल्या वर्षी चाचपडणाऱ्या, पस्तिशीच्या, आमच्या ब्लू जेजच्या जॉर्ज स्प्रिंगरने २०२५ ला ३२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. १ जुलैला, कॅनडा डेच्या सुट्टीला, यांकीजविरुद्ध त्याने दोन होम रन मारले, त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा. सात धावा एकट्याच्या नावावर, सामना १२-५. असं काही घडतं म्हणून तर मी तिथे जाते. पण मार्चमधल्या कागदावर अशा चमत्काराची वाट बघून कुणाला दहा विजय जादा देऊ नयेत.

शेवटी बेरीज करा. इथे बहुतेक जण चुकतात. पाचही संघ चांगले वाटतात, प्रत्येकाला ८८-९० दिले जातात आणि बेरीज साडेचारशेच्या घरात जाते. हे संघ आपसात प्रत्येकी १३ सामने खेळतात. त्या १३० सामन्यांत एक जिंकला की दुसरा हरतोच. पाचही संघांचे मिळून २०२३ ला ४४९ विजय झाले, २०२४ ला ४२० आणि २०२५ ला ४२९. तुमची बेरीज ४३० च्या फार वर गेली तर कुणाचे तरी विजय कापा. आवडत्या संघाचे आधी कापा.

पैजेचा निकालही विजयांवरच लावा : प्रत्येक संघाला किती सामन्यांचा फरक पडला ते लिहून बेरीज करायची, ज्याची कमी तो जिंकला. दुसरा-तिसरा-चौथा यांच्यात कित्येकदा दोन-तीन सामन्यांचंच अंतर असतं, तेवढ्यासाठी नातवासमोर हरायचं कशाला?

प्रश्न : दोन संघांचे विजय सारखेच झाले तर वरचा कोण?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : २०२१ पर्यंत विभागाचं पहिलं स्थान ठरवायला गरज पडली तर जादा सामना खेळवत. २०२२ पासून आपसातले सामने बघतात. २०२५ ला ब्लू जेज आणि यांकीज ९४-९४ वर आले, पण आपसात जेज ८-५ ने पुढे होते. त्यांतले चार विजय ३० जून ते ३ जुलैच्या एकाच मालिकेतले. तेवढ्यावर जेजना प्लेऑफची, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांमधली, पहिली फेरी खेळावी लागली नाही आणि यांकीजना रेड सॉक्सशी तीन सामने झुंजावं लागलं. तेव्हा अंदाजाच्या कागदावर दोघांना सारखे विजय दिलेत, तर त्यांच्यातल्या १३ सामन्यांचा आकडाही बाजूला लिहून ठेवा.