साउथॅम्प्टनला आईबाबांना काय दाखवू?

आईबाबा पुण्याहून येतायत, दोन दिवस हाताशी आहेत, साउथॅम्प्टनात बघण्यासारखं आहे तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मागच्या वर्षी मी यातूनच गेलोय.

शहराला एक दिवस पुरे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जुनं शहर बरंचसं गेलं. बारगेट ही वेस आणि तटबंदीचा काही भाग उरला. ('गेट' म्हटल्यावर आई मॉल शोधत होती, 'वेस' म्हटल्यावर लगेच कळलं.) सीसिटी म्युझियम मात्र चुकवू नका. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ला इथूनच सुटली आणि तिच्यावरचे बरेचसे कामगार याच शहरातले होते. आत जमिनीवर शहराचा मोठा नकाशा आहे. ज्या घरातला माणूस बुडाला, त्या घरावर लाल ठिपका. काही गल्ल्या नुसत्या लाल. बाबा ठिपक्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालले.

दुसऱ्या दिवशी सेंट्रल स्टेशनवरून ब्रॉकनहर्स्टची गाडी धरा, वीसेक मिनिटं लागतात. हे गाव न्यू फॉरेस्ट नावाच्या रानात आहे. नाव 'न्यू', पण विल्यम राजाने ते शिकारीसाठी राखलं १०७९च्या सुमारास! घोडे भर रस्त्यात उभे असतात, अगदी आपल्याकडच्या गायींसारखे. ते रानटी नाहीत, चराईचा हक्क असलेल्या गावकऱ्यांचे आहेत. शेपटीचे केस नीट बघा, पायऱ्या पाडल्यासारखे कापलेले दिसतील. त्या कापावरून घोडा कुठल्या भागातला आणि त्याची चराईची फी भरलीय, हे कळतं. खायला मात्र काही घालू नका, मनाई आहे.

मग सेंट निकोलस चर्चला जा. पहिल्या महायुद्धात ब्रॉकनहर्स्टला जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. तिथला सफाई कामगार सुखा, बरेलीकडचा, जानेवारी १९१५मध्ये वारला. तो अस्पृश्य, म्हणून हिंदूंनी दहनाला आणि मुसलमानांनी दफनाला नकार दिला असं सांगतात. शेवटी इथल्या पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो ख्रिस्ती नव्हता, हेही त्या दगडावर कोरलंय. बाबांनी सगळं मोठ्याने वाचलं, दोनदा.

चर्चची वाट शेवटी चढाची आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर स्टेशनवरूनच टॅक्सी करा.