ऑनलाइन मित्राला पहिल्यांदा भेटताना: निखिलची हैदराबाद वारी

“मुलगा म्हणतोय, ऑनलाइन मित्राला भेटायला चाललोय. परगावी, दोन रात्री राहायला. जाऊ द्यावं का?” मी समुपदेशक आहे, आयांचे असे फोन मला वरचेवर येतात. आणि ज्याला जायचंय तो समोर बसून म्हणतो, “मॅडम, जायचं तर आहे, पण पोटात गोळा येतोय.” समोरचा कोण निघेल, ही भीती घरच्यांना असते. जाणाऱ्यालाही ती असतेच, पण तिच्याआड बहुतेक वेळा आणखी एक भीती असते आणि ती तो पहिल्या दिवशी बोलत नाही. त्या दुसऱ्या भीतीबद्दल लिहावं म्हणून ही केस निवडली. ज्याची आहे त्याला विचारून, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

त्याला निखिल म्हणू. वय 25, सोलापूरचा, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. तो माझ्याकडे आला 2023 च्या ऑगस्टमध्ये. 8 सप्टेंबरला, शुक्रवारी, हैदराबादला गच्चीबावलीच्या जीएमसी बालयोगी इनडोअर स्टेडियममध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-मनोरंजन कंपनीचा ‘सुपरस्टार स्पेक्टॅकल’ हा शो होणार होता. तिथला स्टार कुस्तीगीर जॉन सीना भारतात पहिल्यांदाच मॅच खेळणार होता. निखिलने तिकीट काढलं होतं, आणि शेजारच्या सीटचं तिकीट त्याच्या हैदराबादच्या मित्राकडे होतं. तीन वर्षांची मैत्री, रोज रात्री गप्पा, भेट मात्र एकदाही नाही.

त्याच्या वडिलांना हे सगळंच खुळचट वाटत होतं. कुस्ती म्हणजे आखाड्यातली माती आणि चीतपट, एवढंच त्यांना माहीत. “निकाल आधी ठरलेला असतो, मग बघायचं काय?” निखिलचं उत्तर मला आवडलं. नाटकाचा शेवटही नटांना ठाऊक असतो, म्हणून कुणी नाटक बघायचं सोडत नाही. आणि पाठीवर आपटणं तर खरंच आपटणं असतं. त्याच्या वयाच्या पुष्कळ मुलांचं बालपण या खेळावर गेलंय. टेन स्पोर्ट्सवर रात्री मॅच, दुपारच्या सुट्टीत ट्रम्प कार्ड: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. कंपनीने 2002 मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केलं, तरी पोरं पुढे कितीतरी वर्षं ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च म्हणत होती. 2007 मध्ये आपल्याकडच्या खलीने तिथलं वर्ल्ड हेवीवेट टायटल जिंकलं तेव्हा निखिल चौथीत होता. आपल्याला न कळणाऱ्या आवडीवर माणसं फार लवकर हसतात. मग ती आवड जिथे कुणी हसत नाही तिथे जाऊन मुलं मैत्री करतात, हे साहजिक आहे.

ही मैत्रीही तशीच झाली. 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. एका फॅन ग्रुपवर त्याबद्दल बोलणं चालू होतं. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याशिवाय मॅच कशी ओकीबोकी वाटते, यावर निखिलने लांबलचक लिहिलं आणि हैदराबादच्या या मुलाने त्याला पर्सनल मेसेज केला. तिथून सुरुवात.

अशा वेळी मी आधी साधी चौकशी करते. मन वगैरे नंतर. त्याने कधी पैसे मागितलेत का? खासगी फोटो मागितलेत का? “घरी सांगू नकोस” असं म्हणालाय का? भेटीची घाई करतो का? त्याचं काम, कॉलेज, राहायचं ठिकाण, आधी सांगितलेलं आणि नंतर सांगितलेलं जुळतं का? मुलगा आहे म्हणून हे प्रश्न कुणी विचारत नाही, आणि ते मला चुकीचं वाटतं. व्हिडिओ कॉलवर नको ते रेकॉर्ड करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या मुलग्यांनाच जास्त गाठतात, आणि मुलगे लाजेपोटी तोंड उघडत नाहीत. (असं कुणाचं झालं असेल तर पहिला हप्ताही देऊ नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.)

निखिलची सगळी उत्तरं स्वच्छ होती. मग मी विचारलं, “व्हिडिओ कॉल झालाय ना?”

तो गप्प झाला. बुटाच्या लेसशी चाळा करत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “न… न… नाही.”

समोरचा व्हिडिओ कॉल टाळत असेल तर ती धोक्याची खूण धरायची, हे आता सगळ्यांना माहीत आहे. इथे टाळणारा निखिल होता. मित्राने कितीदा तरी विचारलं होतं. नेट स्लो आहे, ऑफिसात आहे, घरी पाहुणे आलेत, अशी कारणं त्याने तीन वर्षं दिली होती. साधी व्हॉइस नोटही कधी पाठवली नव्हती. कारण निखिल बोलताना अडखळतो. ‘न’, ‘म’ आणि ‘प’ त्याला जड जातात, म्हणजे स्वतःचं नाव सांगतानाच तो अडकतो. लिहिताना मात्र त्याच्याइतका हजरजबाबी मुलगा ग्रुपवर दुसरा नसेल. मित्राला ठाऊक होता तो हाच निखिल.

“तिथे त्याला कळलं की मी असा आहे, तर शुक्रवार ते रविवार तो काय करेल माझ्यासोबत?” ही त्याची खरी भीती.

मी त्याला म्हटलं, आता जरा त्याच्या घरात जाऊन बस. तीन वर्षांत चेहरा न दाखवणारा, आवाज न ऐकवणारा एक मुलगा सोलापूरहून भेटायला येतोय. तिथल्या आईला काय वाटत असेल? निखिल माझ्याकडे बघतच राहिला. आपण कुणाला तरी संशयास्पद वाटू शकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे कळलं, मित्राच्या मोठ्या बहिणीने खरंच स्पष्ट सांगितलं होतं की हा कुणीतरी लबाड माणूस आहे, जाऊ नकोस. आपलं न्यून लपवणारा माणूस आणि ओळख लपवणारा माणूस, लांबून दोघेही सारखेच दिसतात.

तोतरेपणाविषयी थोडं सांगायला हवं, कारण घराघरांत त्याबद्दल भलतेच समज आहेत. तो सहसा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. बरीच मुलं त्यातून आपोआप बाहेर येतात, काहींचा टिकतो. मोठ्यांमध्ये साधारण शंभरात एकाला तो असतो आणि पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. हुशारीशी त्याचा काही संबंध नाही, आणि “हळू बोल, श्वास घे” म्हणून तो जात नाही. लपवायची धडपड जितकी मोठी तितका ताण वाढतो आणि ताणाबरोबर अडखळणंही वाढतं. म्हणून वाचा-उपचार करणारेही सांगतात की आपण अडखळतो हे समोरच्याला आपणहून, सुरुवातीलाच सांगून टाकावं. त्यानंतर निम्मी लढाई उरतच नाही.

निखिलला हे स्टेडियमच्या गेटवर सांगायची गरज नव्हती. त्याची ताकद लिहिण्यात होती, तर लिहूनच सांगायचं आणि भेटीच्या आधी सांगायचं. त्याने माझ्यासमोर बसून मेसेज लिहिला. दोघांच्या गप्पा हिंदीत होतात, मी मराठीत देते. पहिल्या मसुद्यात ‘सॉरी’ चार वेळा होतं. ते सगळे काढले. उरलं ते असं: “एक सांगायचं राहिलंय. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. म्हणून कॉल टाळत होतो. एखादा शब्द अडकला तर तू तो पुरा करू नकोस, जरा थांब, माझं मी बोलतो. आज रात्री कॉल करूया?”

उत्तर यायला संध्याकाळ झाली. त्या चार-पाच तासांत निखिलचा जीव टांगणीला लागला होता. उत्तर एवढंच: “ठीक आहे. नऊला कर. आणि ट्रेन कोणती ते सांग.” कॉल दहा मिनिटं चालला. बहीण मागे येऊन डोकावून गेली. निखिल पुष्कळ अडखळला, पण कॉल झाला.

त्यानंतर आम्ही कार्यक्रम आखला. पहिल्या भेटीसाठी तीन दिवस सलग एकत्र राहणं फार होतं, असं माझं ठाम मत आहे. जिवाभावाच्या मित्रांनाही ते जड जातं. चॅटवर कंटाळा आला की फोन ठेवता येतो. समोरासमोर तशी सोय नसते, ती आधी करून ठेवावी लागते. मित्राने घरी राहायला बोलावलं होतं. निखिलने आभार मानले आणि लिंगमपल्ली स्टेशनजवळ स्वतःच्या नावावर लॉज घेतला. परतीचं रिझर्व्हेशन आधीच केलं, शोचं तिकीट स्वतःच्या फोनमध्ये ठेवलं. पहिली भेट शुक्रवारी दुपारी, मॉलच्या फूड कोर्टमध्ये, तासाभराची. मग शो. शनिवारची सकाळ ज्याची त्याची, दुपारी गोवळकोंडा. आणि दोघांत आधीच ठरलं: “थोडा वेळ एकटा बसतो” असं कुणीही म्हणालं तर दुसऱ्याने वाईट वाटून घ्यायचं नाही.

आई-वडिलांना मी निखिलच्या संमतीनेच भेटले. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्याचं काही त्यांना सांगणं मला मान्य नाही. आईला दर तासाला फोन हवा होता. फोनवर बोलणं हेच त्याला सगळ्यात अवघड, तेव्हा दर तासाचा फोन ही त्याला शिक्षाच झाली असती. तडजोड झाली ती लाइव्ह लोकेशनवर, आणि पोचल्यावर, शो सुटल्यावर, लॉजवर आल्यावर एकेक मेसेज. मित्राचा नंबर आणि लॉजचा पत्ता वडिलांकडे. वडील शेवटपर्यंत नाखूषच होते, पण निघताना शेंगाचटणीची दोन पाकिटं त्यांनीच आणून दिली.

मुलगी असती तर काय वेगळं सांगितलं असतं, असं मला विचारतात. यातलं काहीही गाळलं नसतं. शक्य असेल तर सोबत एक मैत्रीण घे म्हटलं असतं, आणि रात्री शो सुटल्यावर परतायचं वाहन आधीच ठरव, मित्राच्या गाडीवर विसंबू नकोस, यावर जास्त वेळ घालवला असता. आणि अठराच्या आतल्या मुलांनी अशा भेटीला एकट्याने जायचंच नाही. मोठं माणूस सोबत हवं. तिथे मी मुलांचं ऐकत नाही.

आता शुक्रवारचं. फूड कोर्टमधला तास अवघडलेला गेला. चॅटवर धबधब्यासारखा बोलणारा मित्र प्रत्यक्षात बुजरा निघाला. तो फारसं डोळ्यांत बघत नव्हता. निखिलने त्याचा लगेच अर्थ लावला, ‘माझ्या बोलण्यामुळे’. हा असा अर्थ लावला जाणार, हे आम्ही आधी बोललो होतो. त्यामुळे त्याने तो जरा बाजूला ठेवला. थोड्या वेळाने वेटरशी बोलतानाही मित्र खालीच बघतो, हे त्याच्या लक्षात आलं.

मग स्टेडियम. सेथ रॉलिन्स हा कुस्तीगीर येतो तेव्हा त्याची धून प्रेक्षक गातात. सीना आला तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं. सीना आणि रॉलिन्स एका बाजूला, इम्पेरियम या गटाचे लुडविग कायझर आणि जियोव्हानी विंची दुसऱ्या बाजूला. सीनाची बाजू जिंकली. निखिल मला हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. “मॅडम, मी दोन तास ओरडत होतो आणि एकदाही अडकलो नाही.” याला कारण आहे. बरोबरीने, एका सुरात बोलताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. आरतीत, राष्ट्रगीतात तो कधीच अडखळला नव्हता. त्याने त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्याचा आवाज त्याला आवडू शकतो, हे त्याला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

शनिवारी एक गोष्ट बिनसली. मित्राने न विचारता दुसऱ्या दोन मित्रांना गोवळकोंड्याला बोलावलं. त्यातल्या एकाने निखिलचं वाक्य दोनदा पुरं केलं. निखिल थकला, “थोडा वेळ एकटा बसतो” म्हणाला आणि फतेह दरवाजापाशी जाऊन बसला. तिथे वाजवलेली टाळी वर, किल्ल्याच्या माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते, म्हणून पर्यटक टाळ्या वाजवत होते, ते बघत राहिला. मित्र थोड्या वेळाने आला आणि म्हणाला, सांगायला हवं होतं त्यांना, मी विसरलो. निखिल म्हणाला, “त… त्यांना मीच सांगतो.” आणि त्याने सांगितलं.

परत आल्यावर आठवडाभर दोघांच्या गप्पा अगदी तुरळक झाल्या. निखिल घाबरून माझ्याकडे आला, “संपलं बहुतेक.” असं पुष्कळदा होतं. मोठ्या भेटीनंतर दोघांनाही थोडी पोकळी जाणवते, आणि आता चॅटवर पूर्वीसारखं मोकळं राहायचं की भेटलेल्या माणसासारखं बोलायचं, हे ठरायला वेळ लागतो. मी त्याला वाट बघ म्हणाले नाही, व्हॉइस नोट पाठव म्हणाले. गोवळकोंड्याचे फोटो पाठवले नाहीस, एवढंच त्यात होतं. वीस सेकंदांची नोट, तीनदा अडकलेली, त्याने पुन्हा रेकॉर्ड न करता पाठवली. फोटो रात्री आले.

सध्या आमचं काम ऑफिसच्या फोनवर चालू आहे. वाचा-उपचारासाठी त्याला तज्ज्ञाकडे पाठवलंय आणि तो नियमित जातो. ग्राहकांना तो सुरुवातीलाच सांगतो, “मी जरा अडखळतो, थांबा.” एका ग्राहकाने फोन आपटला. बाकीचे थांबतात.