व्ह्यूज वाढले, पण मोकळं वाटेनासं झालं

प्रश्न: ताई, मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद आहे आणि त्याचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकते. आधी पंधरा-वीस मिनिटांचे टाकायचे, फारसं कोणी बघायचं नाही पण मजा यायची. मग एक शॉर्ट टाकला, आधी धुळीने माखलेला रेडिओ आणि नंतर एकदम चकाचक होऊन वाजणारा, तो तुफान चालला. आता सगळे तेच मागतात आणि मीही तेच करते. खरं सांगायचं तर त्यातला रेडिओ वाजतच नव्हता, आवाज मी एडिटिंगमध्ये टाकला होता. परवा एकाने जुन्या व्हिडिओखाली विचारलं की आवाज पूर्ण कमी केला तरी घूंऽऽ असा आवाज येत राहतो, काय करू, तर उत्तर द्यायलाही वेळ झाला नाही. मला ९ ते ५ नोकरी नको, स्वतःच्या मर्जीने जगायचंय, म्हणून कॉलेज सोडून फुल टाइम क्रिएटर व्हावं असं वाटतं. पण हल्ली कॅमेरा लावला की पोटात गोळा येतो. बाबा म्हणतात हे काही काम नाही. मी माझा पर्पज कसा शोधू?

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मधेच कुठेतरी पटकन लिहून पुढे गेलीस, की रेडिओ वाजतच नव्हता. कॉलेज, बाबा, फुल टाइम हे सगळं बोलूच, पण मला वाटतं तो पोटातला गोळा इथूनच येतो. तुला बंद पडलेली वस्तू चालू करायला आवडतं आणि आता तू असे व्हिडिओ करतेयस ज्यात ती चालू झाली काय न झाली काय, बघणाऱ्याला कळतही नाही. काम मनापासून येणाऱ्या माणसाला याचा त्रास होणारच, आणि तो होतोय ही चांगली खूण आहे.

मर्जीने जगायचंय म्हणतेस, तर मग आत्ता कोणाच्या मर्जीने चाललंय ते बघ. पुढचा व्हिडिओ कसला करायचा हे तू ठरवत नाहीयेस, मागच्या व्हिडिओचा आकडा ठरवतोय. नोकरीतला साहेब निदान संध्याकाळी घरी जातो, हा आकडा रात्री दोन वाजताही फोन उघडला की समोर असतो.

यावर एक जुना प्रयोग आहे, मी तो खूप मुलांना सांगते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळेत परत रंगीत पेनं ठेवली तेव्हा आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. पण लोक हे सांगताना एक गोष्ट विसरतात, ती अशी की ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे व्ह्यूज मिळाले म्हणून तुझं काही बिघडलेलं नाही, व्ह्यूज मिळावेत म्हणून काम बदललं तिथे गडबड झाली. म्हणून एक साधा नियम करून बघ, पुढच्या व्हिडिओचा विषय ठरवून कागदावर लिहून झाल्याशिवाय मागच्याचे आकडे उघडायचे नाहीत. सुरुवातीला फार जड जाईल, पण कर.

आता पैशाचं, कारण फुल टाइम म्हटलं की हे आलंच. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि शिवाय मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, त्यामुळे तुझा तो तुफान चाललेला शॉर्ट या तासांच्या हिशोबात जवळजवळ शून्य आहे. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं, तुझा मोठा व्हिडिओ एकेकाने सरासरी सहा मिनिटं बघितला तर वर्षभरात ४०,००० व्ह्यूज लागतात. छोटी गोष्ट नाही, पण अशक्यही नाही, आणि रेडिओ कसा दुरुस्त करायचा हे शोधत येणारा माणूस दोन वर्षांनीही येतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतून क्रिएटरला ५५ टक्के मिळतात, शॉर्ट्सचे पैसे आधी सगळ्यांच्या एका सामायिक निधीत जातात आणि तुझ्या वाट्याला जी रक्कम धरली जाते तिचे ४५ टक्के तुला. आणि हे उंबरठा ओलांडल्यानंतरचं बोलतेय, त्यावर घर चालेल असं मी तुला सांगणार नाही.

नियम बदलतात हेही धरून चाल. २०१८ च्या आधी जाहिरातीचा वाटा मिळायची अट फक्त एकूण १०,००० व्ह्यूज एवढीच होती, मग ती १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास झाली आणि कितीतरी छोटी चॅनल्स एका फटक्यात बाहेर गेली. वाइन (Vine) नावाच्या व्हिडिओ ॲपचं तर काय झालं माहितीये ना, सहा सेकंदांचे व्हिडिओ करून लोक प्रसिद्ध झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आम्ही बंद करतोय, जानेवारी २०१७ मध्ये ते बंदही झालं. प्लॅटफॉर्म म्हणजे भाड्याचं घर आहे, राहायचं मजेत, पण आपलं सामान कुठे आहे ते माहीत हवं. तुझ्या बाबतीत सामान म्हणजे सगळ्या ओरिजिनल फाइल्स स्वतःच्या हार्ड डिस्कवर, ज्यांना खरंच रस आहे त्यांची ईमेल लिस्ट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुरुस्ती, समजावून सांगणं आणि एडिटिंग, ही तीन कामं तुला येतात ते. ती कुठलंही ॲप बंद पडलं तरी तुझ्याकडेच राहतात.

म्हणूनच कॉलेज सोडू नकोस असं मी स्पष्ट सांगतेय, आणि ‘आधी डिग्री मग बाकीचं’ या नेहमीच्या कारणाने सांगत नाहीये. आज तुझं पोट चॅनलवर अवलंबून नाही म्हणून तू नाही म्हणू शकतेस. उद्या कोणी भुक्कड सोल्डरिंग आयर्न (डाग देऊन तारा जोडायचं हत्यार) घेऊन आलं आणि म्हणालं की हे बेस्ट आहे असं सांग, तर आज तू सरळ नकार देशील, पण भाडं भरायची तारीख जवळ आली असेल तर विचार करशील, आणि हो म्हणालीस तर बघणाऱ्याला पेड प्रमोशन आहे हे सांगायला लागेल आणि तुला स्वतःलाही ते पटवून घ्यायला लागेल. ज्या फ्रीडमबद्दल तू लिहिलंयस ती बरीचशी या ‘नाही’मध्ये असते.

टॉम स्कॉट हा ब्रिटिश यूट्यूबर बघ. शिकला भाषाशास्त्र, आणि सलग १० वर्षं दर आठवड्याला एक व्हिडिओ टाकला, मग १ जानेवारी २०२४ ला साप्ताहिक व्हिडिओ थांबवले. चॅनल जोरात असताना स्वतः ठरवून थांबता आलं, मला हे कुठल्याही सबस्क्रायबरच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं. तुला पुढे जायचंय ते असं थांबता येण्याच्या दिशेने.

पर्पजबद्दल सगळे म्हणतात आत डोकावून बघ. मला त्यापेक्षा तुझ्या कमेंट्समध्ये डोकावून बघणं जास्त कामाचं वाटतं. तो घूंऽऽ आवाजवाला माणूस घे. मी या कामातल्या एका जाणकाराला विचारलं, तो म्हणाला आवाजाचं बटण शून्यावर असतानाही तो घूंऽऽ आवाज येत असेल तर बिघाड बटणाच्या पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये असतो, आणि पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणाऱ्या भागावर, वर्षानुवर्षं पडून तो सुकतो. तुला हे माहीत असणारच. पण त्याने पुढे एक सांगितलं ते महत्त्वाचं, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना सेट असेल तर प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसण्याइतका चार्ज राहू शकतो. म्हणजे तो माणूस तुझा चकाचक शॉर्ट बघून हुरूप येऊन मागचं झाकण उघडेल, आणि त्याला चार्ज कसा उतरवायचा हे सांगणारं कोणी नसेल. तुला ते येतं आणि तू त्याच्यापर्यंत पोचू शकतेस. पर्पज यापेक्षा फार वेगळा काही असतो असं मला वाटत नाही. कोणाला तरी आपल्या कामाची नेमकी गरज असते, आपल्याला ते नीट येत असतं, आणि करताना वेळेचं भान राहत नाही. त्या माणसाला आजच उत्तर दे, आधी सेफ्टीचं, मग कपॅसिटरचं.

त्या शॉर्टखाली पण एक कमेंट पिन कर, की आवाज एडिटिंगमध्ये टाकलेला होता, रेडिओ अजून दुरुस्त व्हायचाय. थोडे लोक बोलतील, बोलू दे. मग तोच सेट उघडून खरी दुरुस्ती कर, जसं होईल तसं शूट कर, नाही झाला चालू तर कुठे अडलं ते दाखव. शॉर्ट्स बंद करायची गरज नाही, मोठ्या व्हिडिओतला एखादा खरा तुकडा कापून टाक, फक्त जे वाजलं तेच वाजू दे. परीक्षेच्या महिन्यात काहीच अपलोड करायचं नाही हेही आत्ताच ठरवून प्रेक्षकांना सांगून टाक.

राहिले बाबा. ते काम नाही म्हणतात कारण त्यांना फक्त फोन आणि रिंगलाइट दिसतो. त्यांना व्ह्यूज दाखवू नकोस, त्याने उलट काळजी वाढेल. एका वहीत तीन गोष्टी लिही, या वर्षी चॅनलवर खर्च किती झाला आणि मिळाले किती, आठवड्यातले किती तास याला जातात, आणि डिग्री संपल्यावर एक वर्ष किती पैसे हाताशी असतील तर तू हे फुल टाइम करून बघशील. तिसरा आकडा तुलाही अजून माहीत नसेल, तो बाबांसोबत बसूनच काढ, त्यांना खर्चाचा अंदाज तुझ्यापेक्षा चांगला आहे. त्या वर्षासाठी अर्धवेळ एडिटिंगची कामं किंवा कंपन्यांची मॅन्युअल्स लिहायची कामं मिळतात का हे आत्तापासून विचारायला लाग, एक-दोन सॅम्पल तयार ठेव. बोलणं झालं की काय ठरलं ते कळव, आणि ते नाहीच म्हणाले तर कुठल्या मुद्द्यावर नाही म्हणाले ते नीट लिही, त्यावर वेगळं बोलू.